दादा आणि किल्लीवाला

आमचा दादा भित्रा आहे. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि तोही "आहे बुवा, काय करणार" म्हणून मोकळा होतो. समोरून कुत्रा आला की हा रस्ता बदलतो. कुणी फुगा फुगवायला घेतला की खोलीतून काढता पाय घेतो. लिफ्टमध्ये तर तो आजवर चढलेला नाही. खांद्यावर अख्खं दार घेऊन जिने चढतो आणि वर पोचल्यावर धापा टाकत सांगतो की तेवढाच व्यायाम. दारं हाच त्याचा धंदा. चौकटी, पल्ले, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. फुगून अडकलेलं दार रंध्याने तासून बोटाने लोटलं तरी सरकेल असं बसवावं तर ते दादानेच. आमच्या भागात त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे त्याला दारवाला म्हणतात.

मी दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसते. पेशंटना नंबर द्यायचा, बसवून ठेवायचं, आतून हाक आली की पाठवायचं. त्यामुळे घाबरलेली माणसं बघण्यात माझं आयुष्य चाललं आहे. काही जण मशीनच्या नुसत्या आवाजाने "जरा फोन करून येतो" म्हणून जे जातात ते परत येत नाहीत. काही जण जीव मुठीत धरून बसतात आणि निभावून नेतात. दादा या दोन्हींत बसत नाही. त्याला भीती वाटते आणि ती त्याला आवडते. कुत्र्याची नव्हे, लिफ्टची नव्हे. एका व्हिडिओ गेमची. पन्नाशी उलटलेला, नाकावर चष्मा, मिशीत लाकडाचा भुसा, असा हा माणूस एका भुताटकीच्या गेमवर इतकी माया करतो की सख्ख्या बहिणीला हेवा वाटावा.

याची सुरुवात खारू शाळेत होती तेव्हाची. खारू म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून खारू, आणि आता नोकरीला लागली तरी खारूच. एका गिऱ्हाइकाने घर बदलताना जुनं गेमचं यंत्र दादाच्या हातात दिलं, सोबत एकच गेम. वहिनी म्हणाली, आणखी एक अडगळ आली. पण बापलेकीने ते टीव्हीला जोडलं आणि त्या दिवसापासून रविवारची दुपार त्या गेमच्या नावे लागली.

गेम असा. एका बेटावर बंद पडलेलं भलंमोठं वसतिगृह आहे. टेलिफोन दुरुस्त करणारी एक मुलगी तिथे तार जोडायला येते आणि तिच्यामागे दार बंद होतं. बाहेर पडायचं तर सगळ्या खोल्या पालथ्या घालायच्या, कोडी सोडवायची, तळघरातला फोन सुरू करायचा. आणि त्या घरातून फिरत असतो वसतिगृहाचा जुना पहारेकरी. मेलेला, पण कामावर हजर. उंच, मान एका बाजूला कललेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गेममध्ये त्याला काहीतरी नाव आहे, आमच्या घरात तो किल्लीवाला. त्याला मारता येत नाही, फक्त चुकवता येतं. मुलीकडे एक टॉर्च आणि मोजके सेल. अंधारात बघायचं तर सेल जातात. मध्येच एक इस्त्रीची खोली लागते. तिथे शांत संगीत वाजतं, किल्लीवाला तिथे पाऊल टाकत नाही, आणि भिंतीवरच्या फोनमध्ये सेल घातला की तोवरचा खेळ साठवला जातो. म्हणजे बघायचं की साठवायचं, दरवेळी हाच प्रश्न. सगळं कमी पडतं आणि त्यातच सगळी मजा आहे, असं दादा म्हणतो. संसार करून वर याला कमी पडण्याची हौस कशी उरते हे मला कळलेलं नाही.

त्यांची खेळायची रीत मात्र जगावेगळी होती. हात दादाचे, डोळे खारूचे. दादा कंट्रोलर धरून अर्धे डोळे मिटून बसायचा. खारू उशी तोंडावर धरून एक डोळा बाहेर काढायची आणि तिच्या तोंडाची टकळी सुरू. बाबा उजवीकडे, बाबा थांबा, बाबा मागे. प्लायवुडबरोबर येणाऱ्या पुठ्ठ्यांवर तिने त्या घराचे नकाशे काढले होते. तिने सांगितल्याशिवाय दादा एक पाऊल टाकायचा नाही आणि तिने त्या कंट्रोलरला एकदाही हात लावला नाही. वहिनी जाता-येता म्हणायची, तुम्ही दोघं मिळून एक धड माणूस होता. त्या एका माणसाने तो गेम पूर्ण केला, मग पुन्हा पहिल्यापासून खेळला, पुन्हा पूर्ण केला. पुढे यंत्रानेच मान टाकली. खारू कॉलेजात गेली. वहिनी थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेली. वरच्या घरात बापलेक राहिले, खालच्या मजल्यावर मी.

मागच्या वर्षी बातमी आली की तो गेम नव्याने करताहेत. रीमेक. दादाने ही बातमी चौकट मोजायला गेलेल्या घरांमध्ये सांगितली, लाकडाच्या वखारीत सांगितली, आमच्या डॉक्टरांना तोंड उघडं असताना सांगितली, म्हणजे दादाचं तोंड. खारू तोवर एका कचेरीत पुलांचे नकाशे काढायला लागली होती. तिने आपल्या पगारातून नवं यंत्र आणि तो गेम आणला. मी डबा परत द्यायला म्हणून वर गेले होते, ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसले.

सांगायला लाज वाटते, पण मीही बघत राहिले. घर तेच. पूर्वी भिंत म्हणजे नुसता करडा चौकोन होता, आता तिथे ओल दिसत होती आणि ओलीत पोपडा सुटून खालचा जुना रंग दिसत होता. जिन्याच्या कठड्यावर हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली जागा होती. दादा टीव्हीला नाक लावून बसला आणि चौकटीचं लाकूड कुठलं दाखवलंय ते ओळखायला लागला. "इथे खिडकी होती," खारू म्हणाली, आणि खिडकी होती. "इथे कपाट होतं," दादा म्हणाला, आणि कपाट नव्हतं, तिथे एक वाट होती. दोघं एकदम मागे सरकले. नवख्या घरात भीती वाटली तर त्यात काय मोठंसं, असं दादाने मला नंतर समजावलं. ज्या घराचा कानाकोपरा पाठ आहे तिथे दचकलो, तर खरं. ज्यांनी हा रीमेक केला त्यांना तो जुना गेम आपल्याइतकाच आवडत असणार, नाहीतर काय तसंच ठेवायचं आणि काय हलवायचं हे त्यांना कळलं नसतं. हे तो इतक्या आपुलकीने बोलत होता की मला वाटलं, आता तो त्या लोकांना जेवायला बोलावणार.

एकाच गोष्टीवरून तो रुसला. जुन्या गेममध्ये कुठलंही दार उघडलं की सगळा पडदा काळा व्हायचा आणि नुसतं ते दार समोर यायचं. कडी फिरायची, बिजागरी कुरकुरायची, पल्ला सावकाश आत जायचा. यंत्राला पुढची खोली तयार करायला वेळ लागतो म्हणून तसं करत, असं खारूने सांगून पाहिलं होतं, पण दादाला ते पटायचं नाही. त्याच्या मते ते दाराचा मान म्हणून होतं. आणि एकदा दार मागे लागलं की किल्लीवाला मागच्या खोलीत, आपण पुढच्या. विषय संपला. रीमेकमध्ये अगदी पहिलं दार तेवढं तसं उघडतं, जुन्या लोकांसाठी. दादाने टाळी वाजवली. पुढच्या दाराला मात्र ती मुलगी खांदा लावते आणि लोटून चालू लागते. शिवाय किल्लीवाला आता ठरलेल्या जागी उभा राहत नाही. मन मानेल तसा घरभर फिरतो आणि दारं उघडून येतो. दादाने नाक मुरडलं, मग म्हणाला, खेळू या.

ते दोघं निम्म्या घरापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात खारूच्या नोकरीचं निघालं. दूर एका नदीच्या मुखावर मोठा पूल व्हायचा होता आणि तिथे प्रत्यक्ष कामावर राहून नकाशे सांभाळायला तिला विचारलं होतं. कचेरीत बसून दुसऱ्यांचे नकाशे स्वच्छ करायचे आणि स्वतःचा पूल पाण्यावर उभा राहताना बघायचा, यातला फरक मला कळतो. त्या नदीचा फोटो तिने फोनच्या पडद्यावर लावला होता. आणि ती म्हणत होती, मी नाही जाणार.

कारण काय, तर बाबा एकटे पडतील. मला हे ऐकून राग आला. मी खालच्या मजल्यावर काय शोभेला आहे का, असं मी विचारलंसुद्धा. दादाने तिला हरतऱ्हेने सांगून पाहिलं. जा म्हणाला, मला काय होतंय म्हणाला, शेवटी आवाज चढवून बघितला, पण त्याला आवाज चढवता येत नाही, मध्येच खोकला येतो. जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं होतो. खारूने ताट बाजूला सारलं.

"बाबा, तुम्हाला एकट्याने एक गेम खेळता येत नाही. घरात एकटे कसे राहाल?"

दादाला हे लागलं. त्याचे कान लाल झाले. "खेळून दाखवला तर?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत? मी न बोलता?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू न बोलता."

"तर जाईन," खारू म्हणाली, आणि ताट पुन्हा पुढे ओढून जेवायला लागली. पैज तिने जिंकल्यातच जमा होती, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. कंपनीला उत्तर द्यायला महिन्याभराची मुदत होती. तेवढ्या दिवसांत दादाने किल्लीवाल्याच्या घरातून एकट्याने बाहेर पडायचं, नाहीतर मुलगी कायम घरात. मला कुणी विचारलं असतं तर मी दादाच्या नावावर फुटकी कवडी लावली नसती.

दादा हट्टाला पेटला. पण हट्टाला पेटलेला भित्रा माणूस कसा असतो ते बघा. तो भर दुपारी खेळायचा. पडदे बाजूला सारलेले, खिडक्या सताड उघड्या, ऊन थेट टीव्हीवर, त्यामुळे अंधाऱ्या खोल्या आणखी दिसेनाशा. घराचं दार उघडं, म्हणजे जिन्यावरून जाणारी-येणारी माणसं दिसावीत. आणि रेडिओवर बातम्या लावलेल्या. टेलिफोनवाली जीव मुठीत घेऊन तळघरात उतरते आहे आणि शेजारून कुणी गंभीर आवाजात उद्याचं हवामान सांगतंय. एकदा मी कामावरून परस्पर वर गेले. हातात माझ्या किल्ल्या होत्या, त्या वाजल्या. दादा किंचाळला, त्याचं ऐकून मी किंचाळले आणि समोरच्या घरातले आजोबा काठी घेऊन बाहेर आले. त्यांची समजूत घालता घालता मला घाम फुटला.

त्या दिवसापासून मला सोबतीला बसायची परवानगी मिळाली. आत्या बसली तर चालेल, तिला त्यातलं काही कळत नाही, असं खारू म्हणाली. मी अपमान गिळला आणि बसले.

दादा हरत होता. पुन्हा पुन्हा, आणि जवळजवळ एकाच पद्धतीने. खोलीत शिरायचा, मागचं दार नीट लोटून लावून घ्यायचा, मग निवांतपणे कपाटं धुंडाळायला लागायचा. तेवढ्यात मागून ते दार उघडायचं आणि किल्लीवाला पाठीशी उभा. त्यात सेल खर्च करायला याचा जीव होत नाही. दुकानात जुने स्क्रूसुद्धा बरणीत घालून ठेवतो, तसेच इथे सेल साठवायचा. पुढे लागतील, पुढे लागतील. इस्त्रीच्या खोलीत जाऊनही फोनमध्ये सेल घालायचा नाही आणि मग मेला की अर्धी दुपार वाया. ढीगभर सेल खिशात ठेवून ती बिचारी मुलगी अंधारात चाचपडत मरायची. मी ओरडायचे, अरे घाल की एक. दादा म्हणायचा, मध्ये बोलू नकोस, पैज आहे. संध्याकाळी खारू घरी आली की विचारायची नाही, नुसती टीव्हीकडे बघायची आणि कपडे बदलायला जायची. दादाचं तोंड एवढंसं व्हायचं. मुदत संपत आली होती. एकदा मी त्याला म्हटलं, सोड ना, तिला नाही जायचं तर राहू दे. दादा म्हणाला, "तिला जायचंय गं. माझ्यामुळे थांबली तर मला रोज तिच्याकडे बघावं लागेल." त्याच्या तोंडून असं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तोड निघाली ती आमच्या दवाखान्यात. डॉक्टरांना बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं की मशीनचा आवाज बाहेर येतो म्हणून पेशंट बसल्या जागी घाबरतात. त्यांनी दादाला सांगून आतल्या खोलीला नवं दार करवून घेतलं. जाडजूड, कडेने रबराची पट्टी लावलेलं. दादाने ते असं बसवलं की आत मशीन चालू आणि बाहेर जरासुद्धा आवाज नाही. डॉक्टर खूश. दादा हत्यारं आवरत माझ्या टेबलापाशी उभा होता. समोर एक बाई बसल्या होत्या, नेहमीच्या, दर वेळी घाबरतात पण दर वेळी येतात. ते दार अचानक उघडलं, हातमोजे घातलेली मदतनीस बाहेर आली, आणि बाई खुर्चीतून ताडकन उठून उभ्याच राहिल्या. पर्स एकीकडे, चष्मा एकीकडे.

मी पाणी दिलं. बाई म्हणाल्या, "आधीचंच दार बरं होतं हो. आवाज यायचा, कुठवर आलंय ते कळायचं. आता एकदम समोरच येतात."

दादाच्या हातात पटाशी होती, ती तशीच राहिली. तो त्या दाराकडे बघत होता. मग मला हळूच म्हणाला, "मी मागे दार लावून घेतो."

मी म्हटलं, कुठे?

"तिथे. प्रत्येक खोलीत. त्याचा आवाज मीच बंद करतो." एवढं बोलून तो हत्यारांची पिशवी घेऊन जिन्याकडे सुटला. डॉक्टर मागून विचारत राहिले की बिल द्यायचंय ना. त्या दारात दुसऱ्या दिवसापासून एक लाकडी पाचर अडकवलेली असते आणि ते कायम किलकिलं राहतं. पेशंट पूर्वीइतकेच घाबरतात, पण निदान उड्या मारत नाहीत.

त्या दुपारी दादाने रेडिओ बंद केला. माझ्यासमोर त्याने पहिल्यापासून खेळ सुरू केला आणि एकही दार लावलं नाही. सगळी सताड उघडी टाकत गेला. जो माणूस दुसऱ्याच्या घरातसुद्धा अर्धवट उघडं दार बघून अस्वस्थ होतो, त्याला हे किती जड गेलं असेल ते मीच जाणे. पण आता किल्ल्या ऐकू येत होत्या. आधी लांब, वरच्या मजल्यावर. मग जिन्यावर. दादा मान तिरकी करून ऐकायचा, ओठांवर बोट ठेवायचा, जणू मीच किल्ल्या वाजवत होते, आणि आवाज डावीकडे गेला की हा उजवीकडे सटकायचा. एकदा आवाज जवळ आला तसा त्याने चक्क एक सेल खर्च केला आणि पुढचा जिना बघून घेतला. मला भरून आलं. घाबरणं काही कमी झालं नव्हतं. कपाळावर घाम, मध्येच उठून पाणी पिऊन यायचा. पण उठून परत यायचा.

शेवटचा भाग त्याने मुद्दाम रविवारवर ठेवला. सोमवारी खारूला कंपनीला कळवायचं होतं. दुपारी ती त्याच्या शेजारी पाय वर घेऊन बसली, उशी तोंडावर, पण या वेळी लपायला नव्हे, बोलणं आत ठेवायला. मी पलीकडे. तळघरात फोनच्या तारा जोडायच्या होत्या आणि जोडून झाल्यावर घंटा वाजेपर्यंत तिथेच थांबायचं होतं. पळायचं नाही, थांबायचं. तळघराला दारंच दारं, आणि दादाने सगळी उघडी ठेवलेली.

किल्ल्या ऐकू यायला लागल्या. एका दारातून सावली आत सरकली. खारूला ती दिसली, मला दिसली, दादाला दिसली नव्हती, तो तारांकडे बघत होता. खारूने उशी दातांत धरली. तिचा पाय जमिनीवर नाचत होता. दादाने तारेवरची नजर हलवली नाही, पण त्याने कान टवकारले. शेवटची तार जोडून ती मुलगी खाली बसली, फोनच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकली, किल्लीवाला जसजसा कडेकडेने आला तसतशी हीसुद्धा टेबलाभोवती फिरत राहिली. दोघं एका टेबलाभोवती फिरताहेत आणि दादा तोंडाने पुटपुटतोय, "ये बाबा, ये, जा, असा जा." मग फोनची घंटा वाजली. दारापलीकडे पहाट झाली होती. ती मुलगी बाहेर चालत गेली आणि गेम करणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली.

मी टाळ्या पिटल्या. दादा मटकन मागे टेकला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. जिंकलो की नाही, जिंकलो की नाही, असं मलाच विचारत होता. खारू हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तसाच येत राहिला.

दादाचं हसू मावळलं. त्याने मला खुणेनं विचारलं, काय झालं? तेवढ्यात ती ओल्या चेहऱ्याने परत आली आणि दारातच उभी राहिली.

"मला वाटलं होतं तुम्हाला जमणार नाही," ती म्हणाली. "म्हणूनच मी तसं बोलले. बाबा, मला तिथे जायची भीती वाटते. कुणी ओळखीचं नाही, काम एवढं मोठं, चुकलं तर सगळ्यांसमोर चुकणार. मी सगळ्यांपुढे तुमचं नाव पुढे करत होते."

एवढे दिवस आम्ही दादाला भित्रा म्हणत होतो, आणि या पोरीने आपली भीती त्याच्या भीतीआड लपवून ठेवली होती. त्यालाही ते कळलं असणार. मला वाटलं, आता तो मऊ पडेल, बरं मग नको जाऊस म्हणेल. मुलगी घरात राहणार म्हणून त्याला आतून सुखच झालं असतं, आणि त्याला कुणी दोषही दिला नसता.

दादाने हात पुढे केले. दोन्ही हात अजून थरथरत होते, तळव्यांना घाम होता. "हे बघ," तो म्हणाला. "मी काय भीती गेल्यावर खेळलो? अजून आहे. ये, बस इथे."

ती बसली. दादाने कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला. ती त्याच्याकडे बघतच राहिली, कुणी परक्याचं मूल हातात द्यावं तशी. तिने तो कधी धरलाच नव्हता. कुठलं बोट कुठे ठेवायचं हेसुद्धा दादाने दाखवलं. मग त्याने खेळ पहिल्यापासून लावला, स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घातले आणि माझ्याकडे डोळे वटारून म्हणाला, "आपण बोलायचं नाही."

पहिली टेलिफोनवाली भिंतीला धडकत राहिली. दुसरी जिन्यातच पकडली गेली. खारू चिडली, म्हणाली हे बटण कुठे असतं, आम्ही बोललो नाही. तिने डोळे पुसले आणि पुन्हा सुरू केलं. आता ती वाटेतली दारं उघडी टाकत चालली होती, तिने मघाशी ते बघितलं होतं. लांबलचक बोळात ती पोचली तशा मागून किल्ल्या वाजल्या. दादाचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय, फक्त उलट्या बाजूने. मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली आणि त्याने तोंड मिटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

खारू थांबली. तिने टॉर्च विझवला, भिंतीला टेकली आणि मान तिरकी केली.

"उद्या सकाळी कळवते त्यांना," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "आता हलू नका दोघंही. मला ऐकू द्या."